सव्वा तासाचं पुणं

"...पण महाराज, मी वेळेत पोचेन ना?"

रत्नाकर घाटोळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. नागपूर विमानतळाच्या वाटेवर बुवांचा मठ, म्हणून नुसतं पाया पडायला थांबलेला. टॅक्सी फाटकाशी उभी. आणि निरंजनबुवा आपले सूप घेऊन निवांत तूर पाखडत बसलेले. रत्नाकर सारखा घड्याळाकडं बघत होता.

"कुठं जाचं हाये?"

"पुण्याला. दादाकडे. डॉक्टरांनी हात टेकले, घरी आणलंय त्याला."

"लय दूर हाये काय?"

"छे!" हा प्रश्न रत्नाकरच्या आवडीचा. इंजिनियर माणूस, त्यात महिन्यातून दोनदा विमानात. "विमानतळ ते विमानतळ सहाशेवर थोडे किलोमीटर. सव्वा तास. बसनं अख्खी रात्र जाते, हे म्हणजे डुलकी काढेस्तोवर पुणं."

"काहून गा, भाऊ धावपट्टीवर राह्यते काय?"

"नाही... पुढं टॅक्सी. मग लिफ्ट. मग दार."

"अन् मंग?"

"मग काय? पोचलोच की!"

बुवांनी सूप खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

"मी तुहा दादा," आतून आवाज आला. "ये."

ही काय पोरखेळाची वेळ! रत्नाकर तरातरा उंबऱ्यापाशी गेला... आणि थांबला.

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, भटजी कंटाळले. तेव्हा साऱ्या गोतासमोर रत्नाकरच बोलून गेला होता, "दादानं बाबांना सुखानं मरू दिलं नाही. कसा शिवेल कावळा?" दादानं पिंडाला हात जोडले आणि न जेवता निघून गेला. त्याला नऊ वर्षं झाली. दोघांत शब्द नाही. त्यानंतर रत्नाकर कामासाठी कितीदा तरी पुण्यात उतरला आणि तसाच परतला.

"ये ना गा." बुवांनी मान वळवली नाही.

"दादा, मी..."

लाज वाटत होती. रागही येत होता, बुवांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. फाटकाशी टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

खोली ती केवढीशी. पण पाय उंबरा ओलांडेना.

"महाराज, विमान चुकेल माझं!" तो जवळजवळ ओरडलाच.

...

बुवा उठून बसले. रत्नाकरचे डोळे भरले होते, ते त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"जाय बापू, विमान पकड," ते हळूच म्हणाले. "अन् पुण्यात उतरला का मंग निघजो."