इंदूताईंचं शांत पाळणाघर

"थांबला की नाही ठसका?" इंदूताईंनी रबरी बाहुली उंच धरून सगळ्यांना दाखवली.

मिरजेतल्या पाळणाघरवाल्या बायकांना मार्था सिस्टर प्रथमोपचार शिकवत होत्या. बाहुलीच्या घशात शेंगदाणा अडकलाय असं धरायचं, आणि तिच्या वतीनं सिस्टरांनी खोकायचं. इंदूताईंनी बाहुलीच्या टाळूवर फुंकर घातली, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ" केलं. सिस्टर खोकायच्या थांबल्या.

"आता पोर कसं आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"गप्प आहे की! अहो, माझ्याकडची पोरं अशीच. शेजाऱ्यांना चाहूल लागत नाही."

हा इंदूताईंचा मोठा तोरा. आणि खोटा नव्हता हो.

"गप्प आहे... म्हणजे गेलं."

इंदूताईंचा चेहरा उतरला.

"खोकत होतं तोवर श्वास चालू होता, इंदू. तेव्हा खोकू द्यायचं. गप्प झालं की धावायचं."

सिस्टरांनी बाहुली मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली केलं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दोन खांद्यांच्या मधोमध दणका दिला.

"अगंबाई! आजवर एका पोराला साधी चापट मारली नाही मी. माझ्यानं नाही व्हायचं."

"करून तर बघ."

इंदूताईंनी हलकेच थोपटलं.

"अगं, वाचवतेस की झोपवतेस?"

बायका खो खो हसल्या. इंदूताई फुरंगटून कोपऱ्यात जाऊन बसल्या.

मग चहा आला, पेरूच्या फोडी आल्या, गप्पांना ऊत आला. इंदूताईंनी सांभाळायला आणलेली दीड वर्षांची तनू मागे सतरंजीवर सकाळपासून बडबडत होती.

ती बडबड थांबली. एवढ्या कलकलाटात ते फक्त इंदूताईंना कळलं.

त्या वळल्या. तनूचं तोंड उघडं, डोळे मोठे... आवाज नाही.

सिस्टर उठेपर्यंत तनू इंदूताईंच्या मांडीवर पालथी होती. एक दणका. काही नाही. दुसरा, चांगला सणसणीत... आणि पेरूची फोड टुणकन बाहेर पडली.

मग तनूनं असं भोकाड पसरलं, की रस्त्यावरची माणसं खिडकीत जमली.

"शूऽऽ... गप्प, माझी बाय, गप्प..." इतक्या वर्षांची सवय, जाते कुठे! इंदूताईंच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागली होती.

मार्था सिस्टर शेजारी येऊन बसल्या. इंदूताईंच्या ओठांवरचं बोट त्यांनी हळूच खाली घेतलं.

"गप्प कशाला करतेस, गं? ऐक की जरा."