न वाजलेला नगारा

फार फार वर्षांपूर्वीची, नद्यांवर पूल नव्हते त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका नदीच्या काठी तीन गावं होती. वरचं गाव डोंगराच्या कुशीत, मधलं टेकाडावर आणि खालचं अगदी सपाटीला, नदीला लागून. एका साली मोठा पूर आला आणि तिन्ही गावांची दैना झाली. तेव्हा तिन्ही पाटील एकत्र बसले. पाणी चढलेलं आधी वरच्या गावाला दिसतं, म्हणून त्यांनी नगारा वाजवायचा. तो ऐकून मधल्या गावाने आपला नगारा वाजवायचा आणि येणाऱ्यांसाठी छपरं नि धान्य तयार ठेवायचं. खालचं गाव नावाड्यांचं. त्यांनी होड्या घेऊन, अडलेल्या कुठल्याही गावाला धावून जायचं.

बारा वर्षं हे नीट चाललं. दोनदा पूर आला, पण माणूस सोडाच, शेळीही वाहून गेली नाही.

दर वर्षी पावसाआधी मधल्या गावात बैठक व्हायची. तेराव्या वर्षी तिथे मानाचा विडा आधी खालच्या गावच्या पाटलाला दिला गेला, कारण तो वयाने थोरला. वरच्या पाटलाला विडा शेवटी मिळाला. कुणाच्या मनात काही नव्हतं, पण त्याला ते झोंबलं.

"पुरात आमची फार तर चार वावरं जातात," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "तरी पावसाळाभर नदीवर नजर आम्ही ठेवायची, आणि विडा मात्र शेवटी घ्यायचा!"

"अहो, विड्याचं काय घेऊन बसलात?" ती म्हणाली.

श्रावणात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी गुरव निथळत धावत आला. नगाऱ्याचं काम त्याच्याकडे होतं.

"पाटील, पाणी घाटाच्या सातव्या पायरीला लागलं. वाजवतो."

"थांब."

गुरवाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "दुपारपर्यंत पाणी खालच्या गावात शिरेल, पाटील."

"शिरू दे. त्यांना डोळे नाहीत? आमच्यावाचून कसं अडतं, ते एकदा कळू दे."

कुणी मरावं असं पाटलाला वाटत नव्हतं. थोडी धांदल उडावी, चार भांडी वाहावीत आणि आपली आठवण व्हावी, एवढंच. गुरवाने आणखी दोनदा विचारलं. पण पाटलाचा शब्द मोडायची त्याला हिंमत झाली नाही. चूक त्याचीही होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. दुपारी दोन होड्या प्रवाहाच्या उलट येताना दिसल्या. काठावरून आठ माणसं त्या दोराने ओढत होती. पुढे खालच्या गावचा म्हातारा पाटील होता.

'भांडायला आले,' वरच्या पाटलाच्या मनात आलं. त्याने उत्तरं जुळवली आणि तो गुरवाला घेऊन घाटावर गेला.

म्हाताऱ्याने येताच त्याचे दोन्ही खांदे धरले. "जिवंत आहात! गावात सगळे आहेत ना? कुणी दगावलं नाही ना?"

"नाही. का?"

"नगारा वाजला नाही. आम्हाला वाटलं, डोंगर खचला, गाव गाडलं गेलं. नाहीतर तुम्ही वाजवल्याशिवाय राहिला नसता. पाणी जरा उतरलं, तसे निघालो."

पाटलाने जुळवलेलं एकही उत्तर कामाचं नव्हतं.

"आणि तुमच्याकडे?" त्याने कसंबसं विचारलं.

"गुरं दावणीलाच बुडाली." म्हाताऱ्याने मागच्या नावाड्याकडे पाहिलं. "याची आई अंथरुणाला खिळलेली होती. खाट उचलेपर्यंत पाणी छातीला आलं. म्हातारी हाती लागली नाही."

नावाड्याचे तळहात दोराने सोलून निघाले होते. त्याने होडीतून एक गाठोडं काढलं. "भाकरी आणल्यात," तो म्हणाला. "कुणी उपाशी असेल तर."

खोटं बोलणं सोपं होतं. नगारा फुटला म्हटलं असतं, तरी त्या माणसांनी विश्वास ठेवला असता. तोच विश्वास पाटलाला सोसवेना.

"नगारा शाबूत आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "मीच वाजवू दिला नाही. विडा शेवटी मिळाला म्हणून."

म्हाताऱ्याचे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. कुणी मारलं असतं तर बरं, असं पाटलाला वाटलं. नावाड्याने गाठोडं पायरीवर ठेवलं आणि तो वळला. "चला, पाटीलबाबा. घरी खूप काम पडलंय."

पाटलाने त्याच दिवशी पाटीलकी सोडली. पुढे तिन्ही गावांनी मिळून ठरवलं, की नगाऱ्यापाशी प्रत्येक गावचा एकेक माणूस बसेल आणि वाजवायला कुणाची परवानगी लागणार नाही. पाटील खालच्या गावात गेला आणि पावसाळाभर घराघरातला गाळ उपसत राहिला. लोक त्याला पाणी देत, कामापुरतं बोलत. नावाडी त्याला कधी टाकून बोलला नाही. पण त्याने त्याला कधी हाकही मारली नाही. नावाड्याच्या घरावरून जाताना पाटलाची मान मरेपर्यंत वर झाली नाही.

ध्यानात ठेवावं ते एवढंच: एका नदीकाठी राहणाऱ्यांनी मानापमान बाजूला ठेवून एकमेकांना वेळेवर हाक द्यावी, कारण रुसवा चार दिवसांत जातो, पण गेलेलं माणूस परत येत नाही.