देवधानातली वाट

"मग आता तरी मला तुमचा शिष्य म्हणाल का, बाबा?"

डोमाजी काठावर बसून धोतराचा ओला सोगा पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारे रहांगडाले मास्तर. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दोन वर्षं दर रविवारी ते या तळ्यावर येत होते. तळ्याचं आता पाणथळ उद्यान झालं होतं. फाटक आलं, पाटी आली आणि मासे धरायला बंदी आली. बंदीनं ज्यांचं जाळं खुंटीला टांगलं गेलं, ते डोमाजी ढिवरच फाटकावर राखणदार म्हणून बसत. तळं त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मास्तर त्यांच्या पायाशी बसले. बसले, पण मान ताठ ठेवूनच.

"एकशे ऐंशी झाडं-पाखरं ओळखतो मी आता."

"ओळखता जी."

"आणि एक असं सापडलंय, जे तुम्हीही दाखवलं नाहीत."

पिळणारे हात थांबले.

"सारसाचं घरटं. देवधानात, पार आत. दोन अंडी. अकरा वर्षांनी सारस बसलाय इथे, बाबा."

देवधान म्हणजे तळ्यात आपलं आपण उगवणारं भात. कुणी पेरत नाही, कुणी कापत नाही. भादव्यात ते छातीपर्यंत येतं.

"कधी दिसलं?"

"बुधवारी. तेव्हापासून रोज जातो. कुणाला बोललो नाही. पिल्लं बाहेर आली की फोटो काढीन, मग साऱ्या जिल्ह्याला सांगीन."

"रोज जाता... एकाच वाटेनं?"

"हो."

"आन् वाट मिटवता?"

मास्तर हसले.

तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांची एक रीत होती. देवधानात शिरलेला माणूस बाहेर येताना उलट्या पावलांनी यायचा. आपण वाकवलेली एकेक काडी उचलायचा, दोन्ही बाजूंच्या काड्या एकमेकींत अडकवून उभ्या करायचा, आणि मगच एक पाऊल मागे टाकायचा. आत जायला पाव तास, तर बाहेर यायला दीड तास. डोमाजींनी पहिल्याच रविवारी शिकवलं ते हेच. मास्तरांनी दोन महिने पाळलं. पुढे त्यांना ती म्हाताऱ्याची खोड वाटू लागली. शिकलेल्या माणसाला आधी वेळ वाचवायचा असतो.

"गवत आहे ते, बाबा. आपोआप उभं राहतं."

डोमाजी उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि देवधानाकडे चालू लागले.

आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं. देवधान दुरूनच दोन भागांत चिरल्यासारखं दिसत होतं. मधली वाट सरळ, माणूसभर रुंद, मास्तरांच्या बुटांनी नीट तुडवलेली.

काठच्या चिखलात कुत्र्याच्या पंजांचे ठसे होते. आत गेलेले... आणि परत आलेलेही.

मास्तर डोमाजींना ओलांडून पुढे धावले.

घरट्याच्या ढिगावर कवचाचे तुकडे पडले होते. एका तुकड्याला पिवळं अजून ओलं होतं. सारसांची जोडी चार हातांवर उभी होती. सारस ओरडला की दोन गावं ऐकतात. हे दोघे ओरडत नव्हते. मादीनं मान वाकवली, घरट्यातली एक काडी चोचीनं उचलली, जरा सरकवून ठेवली. मग पुन्हा तीच काडी उचलली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

डोमाजी मागून येऊन उभे राहिले.

"कुत्रा कुठूनही आला असता, बाबा."

डोमाजी सारसांकडे पाहत होते.

"म्हणा ना, आला असता."

एकशे ऐंशी नावांतलं एकही त्या क्षणी मास्तरांच्या कामाचं नव्हतं.

"मी चुकलो. मला हाकलून द्या. फाटकातून आत घेऊ नका पुन्हा."

डोमाजींनी काठाकडे पाठ केली. कंबरेत वाकले, पाण्यात आडवी पडलेली एक काडी उचलली, तिच्यावरचा चिखल बोटांनी पुसला आणि समोरच्या काडीत अडकवली. मग दुसरी. मग एक पाऊल मागे.

मास्तर बघत राहिले. काठ फार लांब होता.

"आता कशाला, बाबा? अंडी तर गेली."

डोमाजींनी तिसरी काडी उचलली.

"अंडी गेली, मास्तर. वाट आहे ना अजून."