घरचे म्हणजे कोण?

डोंगराच्या अल्याड एक गाव होतं, पल्याड एक गाव होतं आणि मधल्या घाटातून एक वऱ्हाड नवरी घेऊन परत निघालं होतं. नवरीसोबत माहेरचे दोघंच होते, तिचा भाऊ आणि मामा. बाकी सगळे सासरचे: नवरा, सासरा, नवऱ्याची आत्या आणि चार वऱ्हाडी.

वाटेत गारपीट सुरू झाली. सगळे एका गुहेत शिरले. शिरले तोच वरची दरड कोसळली आणि गुहेचं तोंड बंद झालं. वरच्या अंगाला तेवढी एक फट राहिली, बारीक माणूस खरचटत बाहेर पडेल एवढी. दगड हलवून पाहिले, तर वरून आणखी माती यायला लागली.

"कुणीतरी येईलच शोधायला," आत्या म्हणाली.

"कोण येतंय?" सासरा म्हणाला. "आपल्या गावाला वाटेल, व्याह्यांनी ठेवून घेतलं. त्यांच्या गावाला वाटेल, पोचले सुखरूप."

मग ठरलं, की गारा थांबल्या की नवरीच्या भावानं फटीतून जायचं आणि माणसं आणायची. सगळ्यांत काटकुळा तोच. लग्नात त्याच्या अंगकाठीची सगळ्यांनी चेष्टा केली होती. आता सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

त्यांच्याजवळ पाण्याची एकच घागर होती, तिच्यातही तळाशीच पाणी उरलं होतं. मदत येईपर्यंत त्यावरच भागवायचं होतं. दमलेली माणसं भिंतीला टेकली आणि त्यांचा डोळा लागला. नवरीचा लागला नाही. सासरच्यांसमोर आडवं व्हायचं नसतं, असं आईनं तिला बजावलं होतं. दरड कोसळली तर काय करायचं, ते काही बजावलं नव्हतं.

तिनं पाहिलं, नवरा हळूच उठला, घागरीपाशी गेला आणि घटाघटा पाणी प्यायला. मग तिची नजर त्याला दिसली. त्यानं फुलपात्र भरून तिच्यापुढे धरलं. त्यानं आपल्या हातानं तिला दिलेली ती पहिलीच गोष्ट. ती प्यायली.

सगळे जागे झाले तेव्हा त्यातलंही निम्मं पाणी गेलं होतं.

"कोण प्यायलं?" सासऱ्यानं विचारलं. मग त्याची नजर ताठ बसलेल्या सुनेवर गेली. "सूनबाई, तू जागी होतीस. सांग."

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. तिची आई वडिलांना जे म्हणायची, तेच तिच्या तोंडून आलं. "घरच्यांनी."

"घरचे म्हणजे? तुझ्या घरचे?" आत्यानं विचारलं.

"माझ्याच."

ते खरं होतं. पण लग्न कालचं होतं. नवरीचं घर म्हणजे माहेरच, असं सगळ्यांनी धरलं आणि माना भावाकडे वळल्या.

नवरीला ते कळलं. एक शब्द बोलायचा होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून चपलेतला खडा काढत होता. त्याच्या घरात तिला जन्म काढायचा होता. भाऊ काय, समजून घेईल.

"अक्का, मी?" भाऊ म्हणाला. "सांग की यांना."

ती खाली बघत पदर सावरत बसली.

"आणि याला बाहेर सोडायचं?" सासरा म्हणाला. "झोपलेल्यांचं पाणी पिणारा आपल्यासाठी परत येईल? त्यापेक्षा माझा पोरगा जाईल अंग चोरून."

मामा उसळला. "मग तुमचा पोरगाही जाणार नाही. तो तुम्हाला काढेल आणि आम्हाला इथंच गाडेल."

"मामा, तोंड सांभाळा," सासरा म्हणाला.

"पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी मागताना तुम्ही सांभाळलं होतंत का?"

दोन्हीकडचे फटीखाली समोरासमोर बसले. भाऊ उठला की सासरा आडवा यायचा, नवरा उठला की मामा. गारा कधीच थांबल्या होत्या. फटीतून चांगलं ऊन आत येत होतं. दुसऱ्या दिवशी ओली माती पुन्हा घसरली आणि फट बुजली.

गुहेत मिट्ट अंधार झाला. मग नवरीचा आवाज आला. "घरचे म्हणजे हे."

"हे म्हणजे कोण?" आत्या ओरडली. "दिसतंय का काही इथं?"

तेव्हा तिनं नाव घेतलं. "सुभानराव. आणि मीही प्यायले."

"मला कळलं होतं," भाऊ म्हणाला. "तू खाली बघितलंस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस, लेका?" मामानं विचारलं.

"तिला तिकडं नांदायचं होतं ना."

नवरी उठली आणि चाचपडत त्याच्याकडे निघाली. कुणाकुणाच्या पायांना तिचा हात लागला. ते पाय आखडून घेतले गेले. भाऊ नेमका कुठं बसलाय, ते तिला सापडेना. त्यानंही हाक दिली नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपल्या खऱ्या बोलण्याचा लोक खोटा अर्थ लावतात आणि तो आपल्या सोयीचा असतो, तेव्हा गप्प बसणं हे खोटं बोलणंच असतं, आणि त्याची झळ आधी त्यालाच लागते, जो आपल्याला समजून घेतो.