शेजारी शेजारी टांगलेल्या दोन स्प्रिंगा

फार पूर्वी एका खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी दोन लोहार भाऊ राहत होते. थोरला तापलेलं लोखंड चिमट्यात धरी, धाकटा घण मारी. एके वर्षी थोरला तापाने गेला. धाकट्याने भट्टी विझवली, दार लावून घेतलं. कोणी समजवायला आलं की तो ओरडे, "भाऊ माझा गेलाय. जा तुम्ही!" वहिनीलाही तो हेच म्हणाला. तिचा तर नवरा गेला होता.

एका सकाळी गावातल्या विणकराने दार ठोठावलं. मागे चौघांनी त्याच्या पोरीला फळीवर निजवून आणलं होतं.

"पोरगी झाडावरून पडली रे! मांडीचं हाड मोडलंय. हाडवैद्य पलीकडच्या गावात. या दगडांत गाडीचे हिसके बसले, तर जन्माची लंगडी होईल."

धाकटा ताडकन उठला. थोरल्याने केलेल्या दोन सारख्या स्प्रिंगा त्याने काढल्या. गाडीच्या आडव्या वाशाला एक अडकवली, तिला बाज टांगली आणि बाजेवर पोरीच्या वजनाचं पोतं ठेवलं. बाज वीतभर खाली आली. गाडी ढकलली, तर बाज गाडीच्या तळावर आपटू लागली.

"एक कमी पडतेय, दोन लावतो," म्हणत त्याने पहिलीच्या खाली दुसरी अडकवली. बाज आणखी वीतभर उतरून तळावरच बसली.

धाकट्याने पोत्याला लाथ मारली. "लोखंडच नासकं!"

"लोखंडाला कशाला शिव्या देता, भाऊजी?" वहिनी दारातून म्हणाली. "वरचीलाही अख्खं पोतं पेलायचंय, खालचीलाही अख्खंच. दोघी ताणणारच. शेजारी शेजारी टांगा, म्हणजे अर्धं अर्धं वाटून घेतील."

"मग बाज टांगायला दोन्हींच्या खाली जाड पट्टी हवी. ती घडवायची कशी? एकटा लोखंड धरू की घण मारू?"

"घण मी मारते."

"तुम्ही?"

"माहेरी भट्टीवर मीच मारायचे. कधी विचारलंत?"

धाकट्याने कोपऱ्यातल्या चिमट्याकडे पाहिलं. थोरला गेल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. बाहेर पोरगी कण्हत होती. त्याने चिमटा उचलला. "मारा, वहिनी."

भट्टी पुन्हा पेटली, पट्टी झाली. दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी लागल्या. पोतं ठेवलं, तर बाज जेमतेम अर्धी वीत उतरली. गाडी ढकलली, तर बाज नुसती डुलली, तळाला टेकली नाही.

विणकर पोरीला बाजेवर निजवून घेऊन गेला आणि दिवस मावळायच्या आत धावत परत आला. "अरे, वाटेत झोपली पोरगी! हाड जराही सरकलं नाही. महिन्या-दोन महिन्यांत चालेल, म्हणाला वैद्य!"

धाकटा चिमटा हातात घेऊन खाली बसला. "दादा असता तर..." एवढंच बोलला आणि ढसाढसा रडू लागला. वहिनीही त्याच्याजवळ बसून रडली. मग दोघं उठली, हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तात्पर्य: एकट्याने पेललं तर दुःख अख्खं आपल्यावर येतं; पण ज्याला तेच दुःख आहे त्याला शेजारी येऊ दिलं, तर ते दोघांनाही पेलवतं.