न जळलेला राक्षस

एका गावात एक सुतार राहत होता. दारं, खिडक्या, पाट, पोळपाट तो करायचाच, पण गावात त्याला मान होता तो वेगळ्याच कामासाठी. तो राक्षस घडवायचा.

त्या गावाचा एक खेळ होता. सुगी उरकली की थंडीच्या दिवसांत लोक खळ्यावर पट अंथरायचे. खेळणाऱ्या प्रत्येकाची आपली एक लाकडी सोंगटी असायची. तिला नाव असायचं, स्वभाव असायचा, मागच्या वर्षांचे पराक्रम असायचे. सुतार गोष्ट सांगत जायचा आणि खेळणारे फासे टाकत आपापल्या सोंगटीला वाट काढून द्यायचे. शेवटच्या दिवशी पटावर एकटा राक्षस उतरायचा आणि सगळे मिळून त्याच्याशी लढायचे.

रिवाज जुने होते. राक्षस हरला की लढाईत पडलेल्या सोंगट्या पुन्हा उठायच्या आणि राक्षसाची मूर्ती त्याच संध्याकाळी शेकोटीत जायची. तिची राख खेळणारे सुताराच्या कपाळाला लावायचे आणि जेवणाचं पहिलं ताट त्याच्यापुढे यायचं. राक्षस जिंकला तर मात्र सगळ्या सोंगट्या मातीत पुरायच्या. तसं कधी झालेलं कोणालाच आठवत नव्हतं.

पण एकटा राक्षस खेळणाऱ्या चौघांपुढे टिकणार कसा? चौघांचे चार वार होतात, तेव्हा कुठे त्याची पाळी येते. सुताराचा पहिला राक्षस पटावर आला आणि डोळे वटारायच्या आत मेला.

"सुतारदादा, राक्षस होता की बुजगावणं?" कुंभार म्हणाला. सगळे पोट धरून हसले.

पुढच्या वर्षी सुताराने राक्षसाची कातडी जाड केली. इतकी जाड, की वार करता करता माणसं जांभया द्यायला लागली. गुराखी मध्येच उठून म्हशींना पाणी पाजून आला, तरी लढाई होती तिथेच होती. तेलीण म्हणाली, "हा काही मरत नाही बाई, आपणच म्हातारे होतोय."

हे सुताराच्या मनाला फार लागलं. तो आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे गेला.

गुरू म्हणाला, "कातडी जाड करून काय होणार? प्रत्येकाच्या वारानंतर राक्षसालाही हलू दे. एकाला शेपटीनं झोडपू दे, दुसऱ्यावर आग ओकू दे. निम्मा घायाळ झाला की कात टाकून नवं रूप घेऊ दे. मग बघू कोण जांभई देतं ते."

"एवढंच?"

"एवढंच कसं? त्याच्या अंगात एक मर्म कोर. लहानसं भोक. खेळाआधी ते मेणानं बुजव, वर रंग लाव. आणि लढताना राक्षसानंच नकळत त्याची खूण दाखवली पाहिजे. अरे, राक्षस हरण्यासाठीच जन्माला येतो. तो कसा हरतो, तिथं तुझी कला."

सुतार घरी आला आणि कामाला लागला. जुन्या सागाचा ओंडका त्याने काढला. पावसाळाभर तो कोरत बसला. एकेक खवला वेगळा, एकेक नख वेगळं. डाव्या कानामागे त्याने मर्म कोरलं आणि मेणाने बुजवलं. राक्षस पुरा झाला तेव्हा सुताराची नजर त्याच्यावरून हटेना. जेवतानाही तो त्याला समोर ठेवायचा.

सुताराला एक मुलगी होती. ती चेष्टेने म्हणायची, "बाबा, एक घास त्यालाही भरवा."

या मुलीची सोंगटी म्हणजे दिवेवाली, हातात दिवा घेतलेली इवलीशी बाई. ती तिच्या आईने कोरलेली होती, शेवटच्या आजारपणात, उशीला टेकून. आई गेली आणि दिवेवाली राहिली. मुलगी तिला पदराच्या गाठीत बांधून ठेवायची.

शेवटचा दिवस आला. राक्षस पटावर उतरला. काय लढाई झाली म्हणून सांगू! कुंभाराने वार केला की राक्षसाची शेपटी फिरे, तेलणीने केला की आग येई. गुराखी म्हशींना साफ विसरला. राक्षसाने कात टाकली तेव्हा बघायला आलेली माणसंसुद्धा किंचाळली. एकेक करून तिघांच्या सोंगट्या आडव्या झाल्या. उभी राहिली एकटी दिवेवाली.

मुलगी मघापासून नीट ऐकत होती. आग ओकण्याआधी दर वेळी सुतार सांगायचा की राक्षसाने डावा कान खांद्यात दडवला.

"माझी दिवेवाली त्याच्या डाव्या कानामागे दिवा टेकवते," ती म्हणाली आणि तिने फासे टाकले. दान असं पडलं की त्याहून मोठं दान पडूच शकत नव्हतं.

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. त्याने फक्त 'लागलं' म्हणायचं होतं. पण त्याची नजर पलीकडे रचून ठेवलेल्या लाकडांवर गेली. मग राक्षसाच्या खवल्यांवर. एवढं सुंदर काम आणि घटकाभरात राख!

"कान जाड आहे," सुतार म्हणाला. "काही झालं नाही."

"नक्की, बाबा?"

"नक्की."

कोणी शंका घेतली नाही. पटावर सुताराचा शब्द शेवटचा असे, कारण हरण्यातच त्याचा मान होता. मग तो खोटं कशाला बोलेल? राक्षसाने आग ओकली आणि दिवेवाली आडवी झाली.

लोक भले होते. "हरलो बुवा! पण काय राक्षस होता!" असं म्हणत त्यांनी सोंगट्या बांधापाशी पुरल्या. मुलीने आईच्या हातची बाई आपल्या हाताने मातीत ठेवली. शेकोटी पेटलीच नाही. सुतार राक्षसाला उपरण्यात गुंडाळून घरी घेऊन गेला, आणि त्या मेल्या मनाच्या माणसाला त्या रात्री झोपही छान लागली.

उन्हाळ्यात मुलीने अंगणात पापड वाळत घातले. वाळवी लागू नये म्हणून राक्षसही उन्हात ठेवला. दुपारी ती पापड उलटायला गेली, तर राक्षसाच्या डाव्या कानामागून मेण ओघळलं होतं. तिने बोट लावलं. बोटाचं टोक भोकात गेलं.

तिने राक्षस उचलला आणि जेवायला बसलेल्या बापाच्या ताटासमोर ठेवला.

"बाबा, मी दिवा कुठं टेकवला होता?"

सुताराचा घास हातातच राहिला. "मातीतली आता वाळवीनं खाल्ली असेल. मी तुला दुसरी कोरून देतो," तो म्हणाला. "हुबेहूब तशीच."

"तुमच्या हातची नको," मुलगी म्हणाली आणि पापड आत घ्यायला निघून गेली.

तिने गावात गवगवा केला नाही. कुंभाराने विचारलं तेव्हा खरं काय ते सांगितलं, इतकंच.

पुन्हा थंडी आली. सुताराने नवा राक्षस केला, सरळ मनाने केला. माणसं आली, नव्या कोऱ्या, बिननावाच्या सोंगट्या घेऊन बसली. मुलगी आली नाही. कुंभाराने वार केला.

"लागला नाही," सुतार म्हणाला.

"खरंच?" कुंभाराने विचारलं.

तेलणीचा वार झाला. "लागला!" सुतार घाईने म्हणाला.

"खरंच लागला, की आमच्यावर उपकार करताय?"

"मर्म कुठंय ते आधीच दाखवा," गुराखी म्हणाला. सुताराने दाखवलं. मग लढायला काही उरलंच नाही. ऊन डोक्यावर येण्याआधी राक्षस मेला आणि माणसं कामं आठवून उठली. राख लावायला कोणी थांबलं नाही. पुढच्या वर्षी सुताराने पट अंथरला, पण खेळायला कोणी आलं नाही; त्यावर चिमण्या उतरल्या.

त्या संध्याकाळी सुताराने सागाचा तो जुना राक्षस आणून एकट्याने शेकोटीत टाकला. साग चांगला जळतो, उबही भरपूर देतो. शेकायला कोणी नव्हतं. राख निवली तेव्हा त्याने मूठभर उचलली, पण आपल्याच कपाळाला आपणच लावायची कशी? तो तळहात उघडा ठेवून बसून राहिला. मुलगी दारात आली. तिने शेकोटीकडे पाहिलं, बापाच्या हाताकडे पाहिलं आणि राख न लावता घरात जाऊन चूल पेटवली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: राक्षस हरण्यासाठी घडवायचा असतो. त्याला वाचवायला जो आपल्या माणसांशी खोटं बोलतो, त्याच्या पटावर दुसरा राक्षस लागत नाही.