ओल्या लाकडाची ढाल

घाटमाथ्यावर अजून वाटाही पडल्या नव्हत्या, त्या काळची ही गोष्ट.

एका डोंगरी राज्याचं शस्त्रागार वणव्यात जळालं. भाले, धनुष्यं, ढाली, सगळ्याची राख झाली. वाचली फक्त पूर्वजांच्या वेळची एक अर्धी जळकी ढाल. आत लाकूड आणि भोवती लोखंडी कडं.

राणीने केरबा सुतार आणि सटवाजी लोहार या दोघा मित्रांना बोलावलं.

"हुबेहूब अशी ढाल घडवा," ती म्हणाली. "खरी उतरली, तर सीमेवरच्या शिपायांना तशाच ढाली देऊ. दसऱ्याला परीक्षा. आणि जुनी रीत ठाऊक आहे ना? घडवणाऱ्यांनीच ढाल धरून भाल्यासमोर उभं राहायचं."

दसरा तोंडावर आला होता. केरबाने फळ्या जोडल्या, रंधा मारला. लाकूड आतून ओलं आहे, हे त्याच्या हाताला कळलं. पण सुकवायला सवड कुठे होती? 'सटवाजीचं कडं पक्कंच असणार,' तो मनाशी म्हणाला. 'ते लाकूड धरून ठेवील.'

तिकडे सटवाजीने कडं घडवलं. सांधा कच्चा राहिला, हे त्याला घणाच्या आवाजावरूनच समजलं. पुन्हा भट्टी पेटवायचा त्याला कंटाळा आला. 'केरबाचं लाकूड म्हणजे दगड,' असं म्हणून त्याने सांध्यावर कानस फिरवली. तापलेलं कडं लाकडावर चढवून ते आवळून बसावं म्हणून दोघांनी पाणी ओतलं. ढाल मोठी देखणी दिसू लागली.

दसऱ्याला मैदान माणसांनी फुललं. दोघे मित्र खांद्याला खांदा लावून ढालीमागे उभे राहिले. समोर भालाईताने भाला तोलला.

"केरबा, सारखा कड्याकडे काय बघतोयस?" सटवाजी कुजबुजला.

"लाकूड ओलं आहे रे. तुझ्या कड्याच्या भरवशावर उभा आहे."

सटवाजीचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, कड्याचा सांधा कच्चा आहे! मी तुझ्या लाकडाच्या भरवशावर उभा आहे."

केरबाने झटकन हात वर केला. "थांबा!" तो ओरडला. दोघांनी ढाल खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत आपापली चूक सांगितली. लोक हसले. त्यांच्यासाठी आणलेली मानाची पागोटी तबकातच राहिली.

राणी मात्र हसली नाही. "आज मरण तुमच्या दाराशी आलं, म्हणून तुम्ही बोललात," ती म्हणाली. "उद्या या ढालीमागे दुसऱ्या कुणाची मुलं असतील."

दोघे मान खाली घालून परतले. त्यांनी लाकूड उन्हाळाभर सावलीत सुकवलं. सांधा मनासारखा वाजेपर्यंत ठोकला. केरबा कडं तपासू लागला, सटवाजी फळ्या चाचपू लागला, आणि कुणालाच त्याचा राग येईना. पुढच्या परीक्षेत भाला लाकडात रुतून थरथरत राहिला, पण ढाल दुभंगली नाही. मग तशाच ढाली सीमेवर गेल्या आणि त्या धरणारे शिपाई सुखरूप घरी आले.

तात्पर्य : सोबत्याच्या भरवशावर आपली कसर झाकू नये, त्यानेही आपल्याच भरवशावर स्वतःची कसर झाकलेली असू शकते.